सोमवारचा नंबर

१

मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला औषधांच्या गोदामातल्या काँप्युटरमध्ये आपण एक ओळ लिहिली, असं एक बाई शपथेवर सांगत होती. गुरुवारी दुपारी दीड वाजता ती ओळ काँप्युटरमध्ये कुठेच नव्हती. ओळ साधीच होती: सलाईनची अमुक बॅच रोखून ठेवा, एकही बाटली बाहेर जाता कामा नये. ओळ नव्हती म्हणून चाळीस खोकी मंगळवारीच दोन वाजता ट्रकमध्ये चढली आणि एका हॉस्पिटलात उतरली. बुधवारी तिथे तीन पेशंटना थंडी वाजून ताप भरला. खोकी लगेच परत मागवली, दोन पेशंट सावरले. तिसरी, चार दिवसांची बाळंतीण, अजून अतिदक्षता विभागात होती.

"चार वाजता ड्रग इन्स्पेक्टर येतोय, काका," ताई म्हणाली. "त्याला एक नाव हवंय. आणि माझ्याकडे एकच नाव आहे."

ताई म्हणजे गोदामाची मालकीण. वडिलांच्या मागे धंदा तिने सांभाळला होता. ज्या बाईचं नाव तिला द्यायचं होतं, ती बावीस वर्षं इथली फार्मासिस्ट. औषध कसं ओळखायचं, कसं ठेवायचं, कोणाला कधी नाही म्हणायचं, हे ताईला शिकवलं ते बाईंनीच. नाव गेलं की त्यांची फार्मासिस्टची नोंदणी जाणार, वर पोलीस केस. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मग कोणी दारात उभं करत नाही. ताईला ते करवत नव्हतं, म्हणून तिने काकांना बोलावून घेतलं होतं.

हे काका तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. तीस वर्षं टेलिफोन खात्यात तारांमधले बिघाड शोधायचं काम त्यांनी केलं. पद्धत एकच: तार जिथे निम्मी होते तिथे जाऊन तपासायची. अलीकडे ठीक असेल तर बिघाड पलीकडे. मग पलीकडच्या तुकड्याचे पुन्हा दोन भाग. घरातल्या हरवलेल्या चष्म्यापासून पुतण्याच्या खोट्या बहाण्यांपर्यंत सगळीकडे ते हेच करायचे. म्हणून सगळं खानदान त्यांना अर्धेकाका म्हणायचं, आणि ते ओ देत असत.

"बाई लिहिलं म्हणतात. पुरावा?"

ताईने एक छोटी डायरी पुढे केली. बाईंचं टपोरं अक्षर: मंगळवार, १०.४०. सलाईन कंपनीचा फोन. बॅच होल्डवर टाकली. नोंद नं. २०३८१.

"हा नंबर काँप्युटर देतो. नोंद पक्की झाली की स्क्रीनवर येतो," ताई म्हणाली. "आता हे बघा."

तिने २०३८१ टाइप केलं. स्क्रीनवर आलं: कापसाचे रोल, आवक, वीस नग. वेळ, सोमवार, दुपारी बारा वाजून सहा मिनिटं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मंगळवारी सकाळी केलेल्या नोंदीला सोमवार दुपारचा नंबर मिळाला होता.

२

बाई मागच्या शीतखोलीत होत्या. अंगात लोकरीचं जाकीट, समोर त्यांचा काँप्युटर, हात मांडीवर. कामावरून त्यांना अजून कोणी उठवलं नव्हतं, पण काम द्यायलाही कोणी आलं नव्हतं.

"तुम्हीपण विचारा, काका. सगळ्यांनी विचारून झालंय."

"मी फार हुशार प्रश्न विचारत नाही. फोन आला, मग?"

"फोन ठेवला न् लगेच टाकलं. नंबर आला, डायरीत उतरवला. होल्डचा नंबर मी नेहमीच उतरवते."

"त्या सकाळी दुसरं काही टाकलंत?"

"नाही. सकाळी माझं काम नुसतं बघायचं असतं. काय संपलंय, कशाची तारीख जवळ आलीय. टाकायचं असतं ते दुपारी."

"स्क्रीन रोजचीच होती? वेगळं काही?"

"हसाल तुम्ही. मशीन जरा जड वाटलं. बटण दाबलं की एक श्वास घेऊन उत्तर द्यायचं. मला वाटलं, बोटं गारठलीत माझीच."

काका हसले नाहीत. "हे कोणाला सांगितलंत?"

"कोण ऐकणार? ताईचा भाऊ म्हणतो, बाई विसरल्या आणि आता जुना नंबर काढून दाखवतायत." त्यांनी जाकीट अंगाशी ओढून घेतलं. "काका, ती हॉस्पिटलातली पोरगी माझ्या मुलीच्या वयाची आहे. मी विसरले असते ना, तर इन्स्पेक्टरची वाट बघत बसले नसते. मीच त्याच्याकडे गेले असते."

हे ऐकून काकांना भरून आलं, पण भरून आल्याने तार जुळत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते उठले. दारात त्यांना एक गोष्ट सुचली आणि ते तिथेच उभे राहिले.

बाई खोटं बोलत असत्या, तर त्यांनी मंगळवारचा नंबर उचलला असता. मुद्दाम सोमवारचा उचलून स्वतःलाच गोत्यात कोण आणेल?

३

जिन्याखालच्या कपाटात गोदामाचा सर्व्हर होता, आणि कपाटासमोरच्या स्टुलावर गुरुजी. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एकट्याने हा सगळा डेटाबेस बांधला, आणि गोदामातल्या प्रत्येकाला काँप्युटर शिकवला, म्हणून ते गुरुजी. कपाटाला दोन पंखे होते. स्वतः गुरुजी मात्र घामाघूम झालेले असायचे.

"अक्कांवर बालंट आलंय, काका. माझं जेवणात लक्ष नाही," ते म्हणाले. बाईंना ते अक्का म्हणत. दोघांचे डबे पंधरा वर्षं एकाच टेबलावर उघडत आले होते.

"एक सांगा. इथून कोणी ती नोंद पुसली असेल का?"

"पुसता मलाच येतं," गुरुजी ताठ होत म्हणाले. "पण पुसली तर तो नंबर रिकामा राहतो. एकदा दिलेला नंबर माझा डेटाबेस पुन्हा कोणाला देत नाही. २०३८१ वर कापूस बसलाय, म्हणजे तिथे दुसरं काही कधी नव्हतंच. हवं तर बाहेरचा माणूस आणून तपासा."

"म्हणजे पुसली नाही."

"नाही."

काकांनी मनातल्या मनात अर्धी तार बाजूला ठेवली. पुसणारा कोणी नव्हताच. दोन दिवस सगळे नसलेल्या चोराला शोधत होते.

"शनिवारी निवाडा आहे ना? हे कपाट ठेवायचं की दूरच्या कंपनीकडे जायचं?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "भाऊला दूरचं हवंय. दूरचा डेटाबेस म्हणजे आपल्या घराची किल्ली परक्याच्या खिशात. मधली लाइन गेली की बसा हात चोळत."

"आणि तुमची लाइन गेली तर?"

"माझी जात नाही," गुरुजी पटकन म्हणाले. "पंधरा वर्षांत नाही गेली."

तीस वर्षं तारांमध्ये घालवलेल्या माणसाने असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. काका गोदामाच्या पुढच्या भागाकडे निघाले. घड्याळात सव्वादोन झाले होते.

४

भाऊ, ताईचा धाकटा भाऊ, माल बाहेर पाठवायचं काम बघायचा. काका दिसताच तो चिडला.

"मला कशाला विचारताय? काँप्युटरने यादी दिली, यादीत होल्ड नव्हता, मी खोकी चढवली."

"ट्रक रोज चारला निघतो. मंगळवारी दोनला निघाला."

"हॉस्पिटलने घाई केली! त्यांच्याकडची सलाईन संपत आली होती. घ्या, फोन लावून विचारा." त्याने मोबाइलच पुढे केला. काकांनी फोन लावला, विचारलं, आणि परत दिला. पोरगा खरं बोलत होता.

"बाईंशी तुझं वाजलं होतं म्हणे."

"दूरच्या डेटाबेसला त्या नाही म्हणतात म्हणून. गुरुजींची री ओढतात. पण मी त्यांचं वाईट चिंतेन का काका? लहानपणी माझा ताप मोजायच्या त्या." त्याने तोंड फिरवलं. "बाळंतिणीचा भाऊ सकाळी येऊन गेला. नुसता उभा राहिला."

कोपऱ्यातल्या टेबलाशी दूरच्या कंपनीची मुलगी लॅपटॉप मांडून बसली होती. हसतमुख, बोलकी, शनिवारच्या निवाड्यावर डोळा ठेवून आलेली. सोमवारी संध्याकाळी बाईंच्या मशीनवर ती काहीतरी करत होती, असं ताईने काकांच्या कानावर घातलंच होतं.

"सगळ्याच मशीनवर केलं, काका. आमच्या डेटाबेसमध्ये शिरायचं दार बसवलं. सराव बुधवारपासून होणार होता, पण त्या दिवशी हे सगळं झालं न् राहूनच गेला."

"दार उघडलं की कळतं कसं, की आपण तुमच्याकडे आहोत?"

"स्क्रीनवर वर जाड पिवळी पट्टी येते. 'चाचणी' असं लिहिलेली. चुकायचं कामच नाही."

"ती पट्टी काढता येते?"

"येते. पासवर्ड फक्त माझ्याकडे आणि गुरुजींकडे." तिचं हसू जरा ओसरलं. "मी नाही काढली."

"बरं. तुमच्या डेटाबेसमध्ये आमचा माल आला कुठून?"

"रोज दुपारी बाराला तुमच्या डेटाबेसची पूर्ण नक्कल आमच्याकडे येते. सोमवारपासून चालू आहे. आधीच्या चोवीस तासांत आमच्यात कोणी काही टाकलं असेल तर ते पुसून ताजी नक्कल बसते. सरावाचा कचरा राहत नाही."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली.

"सोमवारी बाराला नक्कल झाली तेव्हा आमचा शेवटचा नंबर कोणता होता?"

मुलीने बोटं चालवली. "वीस हजार तीनशे ऐंशी."

"म्हणजे त्यानंतर, मंगळवारी बाराच्या आत, तुमच्याकडे पहिल्यांदा जो कोणी नोंद करेल, त्याला नंबर मिळेल…"

मुलीने तोंडावर हात ठेवला.

५

तीन वाजून गेले होते. काका जिन्याखालच्या कपाटापासून निघालेल्या तारेच्या मागोमाग चालत होते. तार भिंतीच्या वरच्या कडेने बोळातून शीतखोलीपर्यंत गेली होती.

नंबराचं कोडं सुटलं होतं. बाईंनी ओळ लिहिली होती, पण दूरच्या डेटाबेसमध्ये, जिथे मंगळवारी सकाळीही अजून सोमवारचे बाराच वाजलेले होते. दुपारी ताजी नक्कल आली आणि बाईंची ओळ पुसून गेली. त्यांना मिळालेला नंबर तिथला पहिलाच होता, आणि इतर सगळ्यांच्या त्या सकाळच्या नोंदी जिथल्या तिथे होत्या. म्हणजे सगळ्या गोदामात एकच मशीन चुकीच्या दारातून आत गेलं होतं. बाईंनी ते दार उघडलं असतं तर पिवळी पट्टी दिसली असती. कोणीतरी ते त्यांच्यासाठी उघडून, पट्टी काढून ठेवलं होतं.

कोणी आणि का, हे अजून सांगता येत नव्हतं. आणि नुसत्या तर्कावर इन्स्पेक्टर बाईंना सोडणार नव्हता.

बोळाच्या मधोमध, वजनकाट्याच्या मागे, काकांनी शिडी लावली. अर्ध्यापासूनच सुरुवात करायची त्यांची सवय. तारेवर पंधरा वर्षांची धूळ होती, बोट फिरवलं की काळं व्हायचं. तीन हात पुढे बोट स्वच्छ राहिलं. तिथे तारेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, नवी कोरी, चकचकीत. जोडाच्या अलीकडे तारेच्या सालीवर बारीक दातांच्या खुणा होत्या. उंदीर.

"काका, वर काय शोधताय?"

खाली गुरुजी उभे होते. शिडीचे दोन्ही पाय त्यांनी घट्ट धरले होते. चेहरा पांढराफटक होता.

"तुम्ही जे जोडलंत ते," काका म्हणाले.

शिडी हलली. काकांनी भिंतीतला खिळा धरला. मग बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि ताई बोळाच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "काका, इन्स्पेक्टर आला. वेळेआधी आलाय."

६

ताईच्या खोलीत सगळे जमले. इन्स्पेक्टरने बॅग उघडून छापील फॉर्म काढला. बाई भिंतीशी उभ्या होत्या, खुर्ची दिली तरी बसल्या नव्हत्या.

"नाव?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"पाच मिनिटं द्या," काका म्हणाले. "साहेब, नोंद झाली होती." आणि त्यांनी दोन डेटाबेस, बाराची नक्कल आणि सोमवारचा नंबर, सगळं उलगडून सांगितलं. इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं.

"मशीन दूरच्या डेटाबेसला कोणी जोडलं?"

"तिघांना जोडता आलं असतं. भाऊ, ही मुलगी आणि गुरुजी. पण पट्टीचा पासवर्ड भाऊकडे नव्हता, म्हणून तो सुटला. उरले दोघं." काकांना पुढचं बोलायला आवडत नव्हतं. "मंगळवारी सकाळी शीतखोलीची तार उंदराने तोडली. साहेब, मी एकच विचार केला. ही तार तुटल्याचा आनंद कोणाला झाला असता? या मुलीला. घरच्या डेटाबेसची लाइन ऐन निवाड्याच्या आठवड्यात गेली! तिने गावभर दवंडी पिटली असती. तार गुपचूप जोडायची आणि कोणाला कळू द्यायचं नाही, याची गरज फक्त एका माणसाला होती."

मुलगी कानाला फोन लावून कोपऱ्यात उभी होती. तिने मान वर केली. "ऑफिसने नोंदवही बघितली. मंगळवारी नऊ पन्नास ते अकरा पंचावन्न, एकच मशीन जोडलेलं होतं." ती अडखळली. "मोबाइलच्या इंटरनेटवरून. गुरुजींच्या पासवर्डने."

कोणीच गुरुजींकडे पाहिलं नाही. ते स्वतःच बोलू लागले.

"दोन तासांचा प्रश्न होता. तार शोधायला, जोडायला. तेवढ्यात अक्कांची स्क्रीन कोरी राहिली असती तर त्यांनी हाक मारली असती, भाऊला कळलं असतं. म्हणून त्या मशीनपाशी यायच्या आत माझ्या फोनचं नेट दिलं आणि तिकडची नक्कल दाखवली. सकाळी त्या नुसतं बघतात. कालचा साठा दिसला तर काय बिघडतं? दूरच्या डेटाबेसला मी पंधरवडाभर शिव्या घालतोय, आणि…"

"अकरा पंचावन्नला मशीन परत घरच्या डेटाबेसला जोडलंस," ताई दातओठ खात म्हणाली. "नक्कल व्हायला पाच मिनिटं होती. तेव्हा बाईंना एका शब्दाने विचारायचं नाही, सकाळी काही टाकलंत का?"

"विचारलं असतं तर का विचारतोय ते सांगावं लागलं असतं."

भाऊने टेबलावर थाप मारली. "झालं! शनिवारची वाट कशाला? दूरचाच घ्या."

"गप रे," काका म्हणाले. "तिथली पट्टीही कोणाला न कळता निघालीच ना? उंदीर तिकडेही आहेत."

"ती चूक आमची," मुलगी हळूच म्हणाली. "पट्टी निघायलाच नको होती."

"घरचा की दूरचा ते मी शनिवारी बघेन," ताई म्हणाली. "पण तार गेली तर प्रत्येक स्क्रीन लाल झाली पाहिजे, आणि ती कोणाला झाकता येता कामा नये. ज्याला हे जमेल त्याचा डेटाबेस." मग ती उठली, बाईंपाशी गेली, आणि मालकीण असल्याचं विसरून तिने त्यांचे दोन्ही हात धरले. "चुकले मी, बाई."

बाईंनी तिच्या हातावर थोपटलं. डोळे मात्र गुरुजींवरून हलले नाहीत. नोंदणी वाचली होती, पोलीस टळले होते, पण चेहऱ्यावर सुटल्याचं काही नव्हतं.

"डायरीतला नंबर तू बुधवारीच पाहिलास," त्या म्हणाल्या. "मीच दाखवला, डबा खाताना. तेव्हा कळलं तुला?"

गुरुजींनी मान हलवली. होय.

"आणि तरी आज दुपारी माझ्यासमोर बसून जेवलास."

"जेवण गेलं नाही, अक्का. देवाशपथ. मी उद्या सांगणार होतो."

"उद्या मी इथे नसते," बाई म्हणाल्या. "हे तुम्हाला माहीत होतं, गुरुजी."

इन्स्पेक्टरने कोरा फॉर्म काढला आणि गुरुजींना समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. बाईंनी टेबलावरची आपली डायरी उचलली, आणि बाळंतिणीची चौकशी करायला फोन हातात घेतला.